कारंजे नंतर, आधी विहीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : जुन्या बंगल्यांच्या आवारांची सार्वजनिक उद्याने करताना

एखाद्या जुन्या पेढीवाल्याचा मळा किंवा गिरणीकाळातल्या बंगल्याचे आवार ओसाड पडले की 'इथे बाग करा' अशी मागणी होते. मागणी रास्त आहे. धनिकाची वास्तू लोकांच्या कामी येणे सोलापूरला नवे नाही. आप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवनात आज महापालिकेचा कारभार चालतो. पण घराचे सोपे असते, टेबल-खुर्च्या मांडल्या की कचेरी सुरू. बागेचे तसे होत नाही. ठरलेल्या साच्यात कमान, पेव्हर ब्लॉक, हिरवळ, कारंजे आणि व्यायामाची यंत्रे बसतात, फीत कापली जाते, आणि तीन उन्हाळे गेले की हिरवळीची माती दिसते, कारंज्याच्या हौदात वेफरची पाकिटे तरंगतात आणि आवारातली सर्वांत मोठी चिंच शेंड्याकडून वाळू लागते. यात माळ्याचा दोष क्वचितच असतो. कामाचा क्रमच उलटा असतो. म्हणून हे पत्र.

खासगी आवार जगत होते त्याची कारणे साधी. राबता एका घरापुरता, माळी चार-सहा, आणि पाणी आवारातल्या विहिरीचे. मोटेचे पाणी थारोळ्यात पडे, तिथून पाटाने झाडांपर्यंत जाई. सार्वजनिक झाल्यावर रविवारी संध्याकाळी हजार-दोन हजार पावले येतात, माळी दोनच उरतात आणि विहिरीऐवजी नळजोड मागितला जातो. तोही अशा शहरात, जिथे नळाला पाणी रोज येत नाही.

उदाहरण म्हणून परदेशातल्या बागांचे गुळगुळीत फोटो दाखवले जातात. त्यातलेच एक घेऊ. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातले व्हॅन कोर्टलँड पार्क ही मूळची डच वसाहतवाल्या व्यापारी घराण्याची जमीनदारी. जेकोबस व्हॅन कोर्टलँडने १६९०च्या दशकात इथे जमिनी घ्यायला सुरुवात केली, टिबेट्स नावाच्या ओढ्यावर बांध घातला आणि त्या पाण्यावर पिठाची नि लाकूड कापायची गिरणी चालवली. मुलगा फ्रेडरिक याने १७४८मध्ये दगडी घर बांधायला घेतले. गहू पिकवायचा, दळायचा आणि पीठ गलबतांनी पाठवायचे, असा तो व्यवहार. १८८८मध्ये ही मालमत्ता शहराकडे आली. आज उद्यान ११०० एकरांहून मोठे आहे. दगडी घरात संग्रहालय आहे, गिरणीच्या बांधामुळे झालेला तलाव अजून आहे, आणि अमेरिकेतले पहिले सार्वजनिक गोल्फचे मैदान १८९५मध्ये इथेच सुरू झाले.

फोटोत न दिसणारी गोष्ट तलावाच्या खालच्या टोकाला आहे. वाढत्या वस्तीला अडचण नको म्हणून १९१२मध्ये तिथून पुढचा ओढा थेट सांडपाण्याच्या भुयारी गटारात सोडला. तेव्हापासून पाऊस नसलेल्या दिवशीही रोज ४० ते ५० लाख गॅलन, म्हणजे दीड कोटी लिटरहून जास्त स्वच्छ पाणी मैल्यात मिसळते आणि शुद्धीकरण केंद्रावर जाते. जोराचा पाऊस आला की तेच गटार तुंबते. सप्टेंबर २०२१च्या वादळी पावसात उद्यानाला लागून जाणारा द्रुतगती मार्ग पाण्याखाली गेला. आता तोच ओढा जुन्या रेल्वेच्या पट्टीतून पुन्हा उघड्यावर आणायचा घाट घातला आहे. बुजवायला जे लागले त्याच्या कितीतरी पट खर्च उघडायला.

सोलापुरात ओढा नसेल, पण प्रत्येक जुन्या आवारात पाण्याची वाट असतेच. कुंपणाकडेचा चर, विहिरीकडे उतरणारा दगडी पाट, मागच्या बाजूची मोरी. सपाटीकरणाचा जेसीबी पहिल्या दिवशी हेच बुजवतो, कारण आराखड्यात ते 'खड्डे' म्हणून दाखवलेले असते. म्हणून यंत्र आत घालण्याआधी एक मोठा पाऊस त्या जागेवर उभे राहून पाहावा. पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठून बाहेर पडते, तिथे तिथे उघडीप मिळताच फक्कीने रेघा माराव्यात. हा नकाशा फुकट मिळतो आणि सल्लागाराच्या संगणकात तो नसतो.

आता विहीर. २० फूट व्यासाची विहीर धरली तर तिच्यातल्या एक फूट पाण्यात जवळपास ९ हजार लिटर असतात. तीन फूट गाळ साचला असेल तर तो साधारण साडेनऊ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरतो. गाळ वैशाखात काढावा, पाणी तळाला गेल्यावर. त्याआधी उपसा करायचा तर दिवसाला तीन-चार फुटांपेक्षा जास्त पाणी उतरवू नये. बांधकामामागची माती ओली असते आणि तिचा दाब आतल्या पाण्याने तोललेला असतो. मोठा पंप लावून एका दिवसात विहीर कोरडी केली की तो तोल जातो आणि दगडी घेर आत ढासळतो. मग 'विहीर जुनी होती, धोकादायक होती' असे म्हणून ती मुरमाने भरून टाकली जाते.

माणूस उतरवण्याआधी कंदील किंवा मेणबत्ती सोडून पाहायची रीत आहे. ती पुरेशी नाही. प्राणवायू कमी असेल तर ज्योत विझते, पण कुजक्या गाळातून निघणारा विषारी वायू ज्योत जळत असतानाही माणसाला आडवा करतो. वायुमापक यंत्र, हवा सोडणारा ब्लोअर, कमरेला पट्टा आणि वर दोर धरून दोन माणसे, एवढे नसेल तर उतरू नये. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा घाईने उतरतो आणि दोघेही जातात, हे दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे घडते.

घेराच्या दगडांमध्ये सोडलेली पाझराची भोके सिमेंटने लिंपू नयेत. त्याच भोकांतून विहिरीला पाणी येते आणि मागचा दाबही उतरतो. सांध्यांतून उगवलेला पिंपळ वीतभर असतानाच मुळासकट उपटावा; नुसता कापला तर पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतो आणि दगड फोडतो. तोंडावर स्लॅब टाकू नये, लोखंडी जाळी बसवावी आणि तिला कुलपाचे दार ठेवावे. जाळी बारीक हवी, नाहीतर आठ दिवसांत आत निर्माल्य पडते.

गाळ निघाला की विहिरीची परीक्षा घ्यावी. संध्याकाळी पाणी उपसून पातळीची खूण करायची आणि बारा तासांनी किती फूट चढले ते मोजायचे. मेअखेरीस रात्रीत तीन फूट चढले तर २७ हजार लिटर. हा आकडा हातात आल्याशिवाय हिरवळीचा विचारही करू नये. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. आपल्या उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायला दिवसाला सहा मिलिमीटर तरी लागतात, म्हणजे एकरी २४ हजार लिटर, दहा हजारी टँकरचे जवळजवळ अडीच टँकर, रोज. चांगली विहीर एक एकर हिरवळीतच संपली. पुण्या-मुंबईच्या बागा पाहून आलेल्यांना हे पटत नाही, पण आपल्याकडे पारा ४४ला टेकतो हे त्यांनाही ठाऊक असते. हिरवळ हवीच असेल तर दहा गुंठे ठेवावी, मुलांना लोळायला पुरते. बाकी सावली झाडांची.

पाणी तपासूनही घ्यावे. शहरातल्या विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी खारट आहे. क्षारांचे मोजमाप (पाण्याची विद्युतवाहकता) दर सेंटीमीटरला २,२५० मायक्रोसीमेन्सच्या पुढे गेले तर ते पाणी काळ्या मातीला रोज देऊ नये. वर पांढरा थर धरतो, माती चिकट होते आणि पाण्याचा निचरा थांबतो. चिंच, कडुनिंब असे पाणी बरेच सोसतात. आंबा सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. उपाय एकच, विहिरीत पावसाचे गोडे पाणी घालणे. बंगल्याचे छत ५ हजार चौरस फूट असेल आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच धरला, त्यातले वीस टक्के वाया गेले असे मानले, तरी सव्वादोन लाख लिटर पाणी मिळते. पहिले दोन-तीन पाऊस छत धुऊन वाहून जाऊ द्यावेत. नंतरचे पाणी गाळणखड्ड्यातून न्यावे : तळाला मोठी खडी, मध्ये बारीक खडी, वर जाड वाळू, प्रत्येकी फूटभर. वरची वाळू दर उन्हाळ्यात धुवावी लागते. ती धुतली जात नाही म्हणून निम्म्या योजना दुसऱ्या वर्षी बंद पडतात.

पाण्याइतकेच नुकसान पावलांनी होते, फक्त ते उशिरा दिसते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठल्यावर होम मैदानात कुदळ मारून पाहा, टणकारून परत येते. झाडाखालची जमीन तशी झाली तर काय होईल? झाडाची अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. सोटमुळाच्या भरवशावर राहू नये. माती दाबली गेली की तिच्यातल्या हवेच्या वाटा बंद होतात, पाऊस वरून वाहून जातो आणि बारीक मुळे मरतात. झाड साठवणीवर दोन-तीन वर्षे काढते, मग शेंडा वाळतो. तोवर ठेकेदाराची हमीची मुदत संपलेली असते आणि 'झाडाला कीड लागली' असा अहवाल येतो. काळी माती ओली असताना तुडवली तर हे सगळे एकाच पावसाळ्यात होते.

पेव्हर ब्लॉक वाईट का, तर ब्लॉकमुळे कमी आणि त्याच्या खालच्या कामामुळे जास्त. फूटभर खोदाईत मुळे तुटतात, मग खडी-मुरूम टाकून कंपनाचा रोलर फिरतो. बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधणे आणि आत माती भरणे त्याहून घातक. बुंधा जिथे जमिनीत शिरताना रुंदावतो तो भाग उघडाच हवा. तो गाडला की साल कुजते. वडा-पिंपळाचे पार शेकडो वर्षे टिकले असे सांगितले जाते. ते पार दगड-मातीचे होते, आणि वडाला पारंब्या असतात, चिंचेला नसतात.

वाटा कुठून न्यायच्या, याचे उत्तर जुन्या आवारातच असते. फाटकापासून पोर्चपर्यंत बग्गीचा किंवा मोटारीचा रस्ता असतोच. त्याची जमीन पन्नास-शंभर वर्षे दाबलेली आहे आणि झाडांनी मुळे वळवून घेतलेली आहेत. चालायची वाट तिथूनच न्यावी, आठ फूट रुंद पुरे, वर दाबलेला मुरूम. सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना गोलाकार ट्रॅक हवा असतो. तो कुंपणाच्या आतून, मोठ्या झाडांच्या घेराबाहेरून काढावा. सावलीत बसायची सोय बुंध्याला टेकून करण्यापेक्षा चार खांबांवर उचललेला लाकडी किंवा दगडी ओटा बरा. खांबांचे खड्डे हाताने खणावेत, मनगटाएवढे मूळ लागले तर ते न तोडता खड्डा हातभर सरकवावा.

जमीन आधीच दाबली गेली असेल तर मृगाचा पाऊस पडून वाफसा आल्यावर (माती ओलसर पण चिखल नाही अशी झाल्यावर) पहारीने भोके घ्यावीत. बुंध्यापासून चार-पाच फूट सोडून सुरुवात, दोन-दोन फुटांवर एक, खोली फूट-दीड फूट, आणि आत कुजलेले खत नि जाड वाळू निम्मी-निम्मी. वरून पाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर, बुंध्यापासून वीतभर लांब. पाचोळ्याने वाळवी लागते अशी भीती असते, ती थर बुंध्याला भिडवला तर खरी ठरते. घंटागाडीत जाणारा किंवा कोपऱ्यात जाळला जाणारा पाचोळा हे त्या बागेचे फुकटचे खत आहे, एवढे तरी सफाईच्या ठेक्यात लिहावे.

झाडे मुळात कोणती आहेत हेही अनेकदा कुणी नीट पाहिलेले नसते. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला आर्डर्न गार्डन्स म्हणून बाग आहे. राल्फ आर्डर्न या इंग्रज लाकूड व्यापाऱ्याने १८४५मध्ये, जिथे झरे होते अशी जमीन मुद्दाम निवडून घेतली आणि जगभरातली झाडे लावली. पुढे घराण्याकडून लक्ष देणे होईना, प्लॉट पडायची वेळ आली, तेव्हा १९२८मध्ये तिथल्या नगरपालिकेने बाग विकत घेतली. आर्डर्नने लावलेला नॉरफॉक बेटावरचा पाइन अजून उभा आहे. घराचे महत्त्व तिथे दुय्यम, झाडांचे पहिले. आपल्याकडच्या आवारातही बूच, बकुळ, कैलासपती, एखादी महोगनी, रस्त्याकडेला विलायती शिरीष असतो. झाडतोडीपुरता तरी कायदा बाजूने आहे : महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष कायद्यात २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड 'वारसा वृक्ष' ठरते. म्हणून ताबा घेण्याआधी प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि फोटो अशी नोंदवही करावी. नोंद नसलेले झाड रात्रीत नाहीसे होऊ शकते.

विलायती शिरीषाच्या वाळक्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात पडतात, म्हणून त्या मार्चपर्यंत उतरवाव्यात. आधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून अर्धा काप, मग थोडे पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नाही. उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापावा. जखमेला डांबर फासू नये. झाड स्वतः ती बंद करते, डांबराखाली ओल कोंडते. एका वर्षात पावपेक्षा जास्त पालवी काढू नये. दिव्यांच्या माळांसाठी खिळे ठोकणे आणि वायर आवळून बांधणे तर निविदेतच मना करावे.

बंगल्याबद्दल थोडेच. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल बाहेर पडत नाही, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो, जाताना विटेचा पृष्ठभाग घेऊन जातो. निदान पंधरा दिवस भिजवलेला चुना एक भाग, वाळू दीड, सुरखी (विटांची भुकटी) दीड, असा माल वापरावा. गवंडी मिळत नाहीत ही सबब अर्धीच खरी आहे. सरकारी कामांच्या दरसूचीत चुना सहसा नसतो म्हणून अंदाजपत्रकात येत नाही, हे खरे कारण.

कागदांकडे मात्र बारकाईने पाहावे लागते. विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण पडले म्हणजे जमीन लोकांची झाली असे नव्हे. १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७प्रमाणे दहा वर्षांत संपादन झाले नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडते. जमीन दान मिळाली असेल तर बक्षीसपत्र नोंदणीकृत हवे आणि 'केवळ उद्यानासाठी' ही अट त्यातच हवी, मालमत्ता पत्रकावर फेरफारही लगेच व्हावा. भाषणातल्या घोषणेला वारस बांधील नसतात. आणि लचके बाहेरच्यापेक्षा आतून जास्त तुटतात : एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्यात सभागृह, तिसऱ्यात वाहनतळ. व्हॅन कोर्टलँडसारख्या ११०० एकरांच्या उद्यानातूनही विसाव्या शतकात मोठे हमरस्ते काढले गेले आणि त्याचे तुकडे झाले. आपल्या दोन-अडीच एकरांत एक सभागृह म्हणजे बाग संपली.

फाटकाजवळच्या फलकाचेही एक सांगायचे आहे. व्हॅन कोर्टलँड घराण्याचा गहू गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी पिकवला आणि दळला. त्यांची दफनभूमी त्याच उद्यानात आहे, आणि तिथे तसा फलक लागायला २०२१ साल उजाडले. आपल्याकडे फलकावर मालकाचे नाव, उद्घाटकाचे नाव आणि नगरसेवकांची यादी असते. विहीर कोणत्या दगडाची, किती खोल, मोट कुठे चाले, कोणते झाड किती घेराचे, हे मराठी, कन्नड आणि तेलुगूत लिहिले तर संध्याकाळी माग बंद करून पोरांना घेऊन येणाऱ्या माणसाला वाचण्यासारखे काही मिळेल. माळ्यांची नावे जुन्या हजेरीपटांत सापडतात; बंगल्याचे कागद रद्दीत जाण्याआधी तेवढी उतरवून घ्यावीत.

आमची सूचना एवढीच आहे की अशा कोणत्याही आवाराची पहिल्या वर्षाची निविदा वेगळी काढावी. तिच्यात झाडांची नोंदवही, विहिरीचा गाळ, रात्रीच्या पाणीवाढीचे मोजमाप, पाण्याची तपासणी, चरांची सफाई, पाचोळ्याचे थर, जाळीचे कुंपण आणि स्वच्छतागृह असावे. कमान, कारंजे, दिवे दुसऱ्या वर्षी, आणि तेही मे महिन्यातला विहिरीचा आकडा जोडूनच. या कामांची देयके मोजून देता येतात : गाळ ब्रासवर, पाचोळा चौरस मीटरवर, झाडे क्रमांकावर. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच नोंदवहीवरून झाडे पुन्हा मोजावीत आणि ठेकेदाराची अनामत त्यानंतरच परत करावी.

आपले,
बागकाम, विहिरी आणि जुन्या बांधकामाच्या कामांतील काही मंडळी,
सोलापूर